मृताच्या उशाशीं राहिलेलीं औषधें

घरांत मृत्यु झाला म्हणजे मृताच्या वस्तूंची व्यवस्था कशी लावावी हें रूढीनें ठरवून ठेविलें आहे. अंथरूण-पांघरूण देऊन टाकावें, कपडे गरजूंस द्यावेत. याविषयीं कोणास विचारावें लागत नाहीं. एका वस्तूविषयीं मात्र रूढि मूक आहे, आणि ती म्हणजे उशाजवळचा औषधांचा डबा. दिवसकार्य आटोपून पाहुणे परततात, आणि मग कोणाची तरी दृष्टि त्या डब्यावर जाते. रक्तदाबाच्या अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, मधुमेहाच्या गोळ्या, फ्रिजमध्यें इन्सुलिनच्या कुप्या, डोळ्यांत घालावयाचे थेंब, क्वचित् मॉर्फीनहि. शेवटच्या आजारांत औषधें वारंवार पालटावीं लागतात, त्यामुळें ही शिल्लक लहान नसते. तिची किंमतहि लहान नसते. ज्या गोळीसाठीं मुलानें रात्रीं दुकानें पालथीं घातलीं ती केरांत टाकावयास त्याचा हात धजत नाहीं.

मग दानाची बुद्धि होते. डबा घरकाम करणाऱ्या बाईच्या स्वाधीन केला जातो. “गांवीं कोणाच्या तरी उपयोगीं पडतील,” असें म्हटलें जातें. बोलणें सद्भावनेचें आहे यांत शंका नाहीं. त्या गांवीं पुढें काय घडतें याचा विचार मात्र त्यांत नसतो.

पालघर जिल्ह्यांतील तलासरी तालुक्यांत, गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांच्या सीमेजवळ, उधवा हें गांव आहे. वस्ती मुख्यतः वारली व इतर आदिवासी समाजाची; शेती पावसाच्या भाताची, आणि भात घरांत आलें कीं त्या भागांतील पुष्कळ कुटुंबें मजुरीसाठीं बाहेर पडतात. समजा, मुंबईच्या एखाद्या डब्यांतील ग्लिमेपिराइडची गोळी अशा गांवच्या मजुराच्या हातीं पडली. अंगांत कसर आहे म्हणून त्यानें ती सकाळीं उपाशीं पोटीं घेतली आणि तो कामावर गेला. ती गोळी रक्तांतील साखर उतरविते. मधुमेह नसलेल्या, न जेवलेल्या माणसास तिनें घाम सुटेल, भ्रम होईल, तो बेशुद्ध पडेल. आणि हें गोळीमुळें झालें असें कोणाच्या ध्यानींहि येणार नाहीं. शहरांतील आजोबांना तीच गोळी मानवली, कारण तिच्यामागें वेळेवरचें जेवण होतें आणि रक्ताची तपासणी होती. वॉरफरिनची गोष्ट याहूनहि बिकट. रक्त गोठूं न देणारें हें औषध; त्याची मात्रा वरचेवर रक्त तपासूनच ठरवावी लागते, नाहीं तर रक्तस्राव होतो. त्यांतून कापलेल्या पट्टीवर पुष्कळदां नांवहि उरत नाहीं आणि मुदतीची तारीखहि उरत नाहीं. डॉक्टरची चिठ्ठी मागें ठेवून निघालेलें औषध हें अर्धेंच औषध होय.

मृताचें औषध दुसऱ्यास देतांच येत नाहीं असें मात्र नाहीं. क्षयाच्या सरकारी कार्यक्रमानें तें पुष्कळ वर्षें करून दाखविलें. १९९७ सालीं सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व २००६ पर्यंत देशभर पोंचला. त्यांत प्रत्येक रुग्णाच्या नांवाची स्वतंत्र पेटी असे, व उपचाराचीं सगळीं औषधें तींत प्रथमच भरलेलीं असत. पेटी रुग्णाच्या घरीं न ठेवतां औषध देणाऱ्या कार्यकर्त्यापाशीं ठेवीत. रुग्ण मध्येंच दगावला तर ती परत जाई; उरलेल्या गोळ्या मोजून व मुदत पाहून त्यांतून दुसऱ्या रुग्णासाठीं पुरी पेटी बांधीत. २०१७ पासून रोजच्या मात्रेची पद्धत आली आणि त्या पेट्यांचा काळ सरला. परंतु झोपडींतल्या क्षयरोग्याच्या मागें राहिलेल्या गोळीचा हिशेब होता, आणि माडीवरच्या कपाटांतल्या गोळीचा नाहीं, हें सुशिक्षितांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे.

मुंबईंत २०२१ च्या मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, डॉ. मार्कस रॅन्नी व त्यांच्या पत्नी रैना यांनीं बऱ्या झालेल्या रुग्णांकडून उरलेलीं औषधें गोळा करण्याचा उपक्रम चालविला. दहा दिवसांत वीस किलो औषधें जमलीं. तीं ग्रामीण आरोग्य केंद्रांकडे पाठवावयाचीं होतीं. टंचाईच्या त्या दिवसांत, डॉक्टरच्या देखरेखीखालीं, तें उचितच म्हणावें लागेल. पण तोच कायमचा नियम करूं गेल्यास काय होतें हें बोस्नियानें पाहिलें आहे. १९९२ ते १९९६ या काळांत तेथें मदत म्हणून आलेल्या औषधांपैकीं सुमारें १७,००० टन निरुपयोगी ठरलीं. रुग्णास दिलेलें व त्याच्याकडून परत आलेलें औषध दान करूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें १९९६ सालींच सांगितलें.

तेव्हां डब्याचें करावें काय? प्रथम मॉर्फीन, फेंटानिल, ट्रामाडोल यांसारखीं औषधें वेगळीं काढावींत. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेनें २०२५ च्या मार्गदर्शिकेंत अशा सतरा औषधांची यादी दिली आहे. चुकून दुसऱ्याच्या पोटांत गेल्यास तीं प्राणघातक ठरूं शकतात, म्हणून घरांत ठेवण्यापेक्षां तीं शौचकूपांत सोडून द्यावींत असें तींत म्हटलें आहे. इतर औषधें परत घेण्याची सोय शहरांत असल्यास उत्तम. केरळांत कोझिकोडे येथें २०२५ सालीं तशी सरकारी योजना सुरू झाली. जवळपास तशी सोय नसेल तेथें गोळ्या पट्टींतून काढून चहाच्या चोथ्यांत कालवाव्यात, पिशवींत बांधाव्यात, आणि रिकाम्या पट्ट्या कात्रीनें कापाव्यात. नाहीं तर कचरा वेंचणाऱ्या पोराच्या हातीं त्याच गोळ्या जातात. इन्सुलिनच्या सुया जाड डब्यांत बंद करून, वर लिहून, वेगळ्या द्याव्यात. उधव्यासारख्या गांवास मदत करण्याची इच्छा खरीच असेल तर तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रास काय हवें आहे तें आधीं विचारावें व तेवढेंच नवें घेऊन द्यावें.

डॉक्टरचे कागद मात्र फाडूं नयेत. वडिलांचा मधुमेह किंवा आईचा हृदयविकार कोणत्या वयांत सुरू झाला हें पुढें मुलांच्या डॉक्टरला विचारावें लागतें, आणि तें सांगणारें माणूस तोंवर घरांत राहिलेलें नसतें. ती फाईल घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी.