बस थांबली की आपणही थांबूया



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवस बुडता बुडता आमच्या फाट्यावर मानव विकासची निळी बस थांबली. आठवीतली एक पोर उतरली अन् बसच्या मागून पळतच रस्ता ओलांडायला निघाली. समोरून दुचाकी आली. करकचून ब्रेक लागला म्हणून पोर वाचली. दप्तर मात्र रस्त्यात पडलं.

गटाच्या बैठकीत आधी आम्ही त्या पोरीलाच बोललो. मग कळलं, दुचाकीवर आमच्याच गटातल्या एका ताईचा मुलगा होता. ताई म्हणाल्या, "त्याला बस दिसली, पोर दिसलीच नाही." तेव्हा आम्ही गप्प झालो.

खरंच आहे. बसच्या मागून निघालेलं लेकरू समोरून येणाऱ्याला दिसत नाही. पुढून निघालेलं, बसला ओलांडून जाणाऱ्याला दिसत नाही.

अमेरिकेत १९३९ साली शाळेच्या बसचा पिवळा रंग ठरला, कारण अंधुक उजेडातही त्यावरची काळी अक्षरं उठून दिसतात. तिथं बस थांबून लाल दिवे लुकलुकले, बाजूची 'थांबा' पाटी उघडली की इतर गाड्या थांबतात. आपल्या राज्यातही स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. शाळेत परिवहन समिती असते, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. पण आपली कितीतरी लेकरं एसटीनं, ऑटोनं जातात. तिथं पाटी कोण उघडणार?

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. शाळा सुटायच्या वेळी पाळीपाळीनं एक बाई फाट्यावर असते. बस निघून जाईपर्यंत लेकरं कडेलाच थांबतात, रस्ता दोन्हीकडं मोकळा दिसला की मगच ओलांडतात. दप्तरांना चमकणारी पट्टी लावली. चालकदादांना विनंती केली, बस थांबली की चारही इंडिकेटर चालू ठेवा. ग्रामसभेत फाट्याआधी इशारा फलक लावण्याचा ठराव मांडला. फलक अजून लागला नाही, पाठपुरावा सुरू आहे.

अन् घरातल्या माणसांनाही सांगितलं. हळदीचा ट्रॅक्टर असो की दुचाकी, उभ्या बसजवळ वेग कमी करायचा, घाईनं पुढं काढायची नाही.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की एवढं विचारा: आपल्या फाट्यावर लेकरं उतरतात तेव्हा तिथं कोण असतं? अपघात झालाच तर ११२ वर फोन करा.

लेकरं सुखरूप घरी येवोत.