वाढदिवस घरचा, केकही घरचा

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)





चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले असावे की हा माणूस रुळांबद्दल, पुलांबद्दल, फार तर सुरक्षिततेबद्दल बोलेल. मी 'वाढदिवस आणि घरचा केक' असे सांगितल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा आमच्या सौ.कडे पाहिले. म्हणून आधीच खुलासा करतो. भाषण माझेच आहे आणि केकही मीच करतो. सौ.कडे परीक्षकाचे काम आहे, आणि त्या खात्यात दयामाया नाही.

मी आचारी नाही. तंत्रनिकेतनातून स्थापत्य शाखेची पदविका घेऊन रेल्वेत लागलेला, रुळांची देखभाल करणारा अभियंता आहे. तरी हा विषय का घेतला? १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि पुढे याच मार्गाने नागपूर-विदर्भाकडची माणसे इकडे खरगपूरला येत राहिली. आपण सगळे त्याच वाटेने आलेले. गणपतीला आपण शंभर माणसे जमतो. पण मुलाच्या वाढदिवसाला आजी नाही, आत्या नाही, मामा नाही. तिकडे असतो तर चुलत-मावस भावंडांनीच घर भरले असते. इथे घर भरायचे तर कॉलनीतल्या मुलांनी भरायला हवे. म्हणून परगावी राहणाऱ्यांसाठी वाढदिवस ही चैन नाही. मुलाला 'आपली माणसे' मिळवून देण्याचा तो एक दिवस आहे.

आणि हाच दिवस अलीकडे कॉलनीत थोडा अवघड होऊन बसला आहे. एका घरी दोन मजली केक आला की दुसऱ्या घरी तीन मजली येतो. हॉल, सजावट, खेळ घेणारा माणूस आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हातात महागडी भेट. आमच्या मुलीच्या एका वाढदिवसाला तिची एक जवळची मैत्रीण आली नाही. वडील ट्रॅकमन, घरी खाणारी तोंडे सहा. मुलीने निरोप पाठवला की पोट दुखते आहे. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आमच्या मुलीला हळूच म्हणाली, "आणायला काही नव्हते गं." आठ वर्षांचे पोर! तिच्या बापाने आणि मी एकाच रुळावर भर पावसात काम केलेले आहे. रुळावर आम्ही एकमेकांच्या भरवशावर उभे राहतो आणि आमच्या मुलींमध्ये एक भेटवस्तू आडवी येते, ही गोष्ट मनाला लागली. पुढच्या वर्षीपासून आमच्या निमंत्रणावर पहिली ओळ असते, 'कृपया भेटवस्तू आणू नये. आणायचेच असेल तर हाताने केलेले शुभेच्छापत्र आणावे.' ती मैत्रीण आता दरवर्षी येते, आणि तिची कार्डे आमच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहेत.

आता नियोजनाकडे येतो. आमच्या कामात 'ब्लॉक' म्हणजे ठरावीक तास गाड्या थांबवून रुळावर काम करायचे. रूळ, स्लीपर, फिटिंग, माणसे सगळे जागेवर पोचल्याशिवाय ब्लॉक घ्यायचा नाही, हा आमचा पहिला धडा. वाढदिवसाची संध्याकाळ हाही तीन तासांचा ब्लॉकच आहे.

पहिली गोष्ट तारखेची. आपल्यापैकी अनेकांना सुट्टी रविवारीच मिळेल असे नसते. रात्रीची गस्त, अचानक आलेले काम, वादळाचा इशारा यांना मुलाचा वाढदिवस कळत नाही. म्हणून आमच्या घरी दोन भाग केले आहेत. खऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाली की औक्षण. पाट, रांगोळी, निरांजन, सुपारी आणि अंगठीने ओवाळणे आणि वाटीभर शेवयांची खीर. माझी आई अजून तिथीनेच वाढदिवस मानते, त्यामुळे खीर दोनदा होते आणि मुलांची काही तक्रार नसते. पार्टी मात्र वडिलांच्या साप्ताहिक सुट्टीला, मग ती मंगळवारी येवो की शनिवारी. चार दिवसांनी केक कापला तरी मुलाला चालते. त्याला बाप समोर हवा असतो.

दुसरी गोष्ट, विजवायचे की लावायचे? मेणबत्ती फुंकणे आपल्यात अशुभ, असे ज्येष्ठ म्हणतात. तरुण म्हणतात, त्यात काय एवढे. मी या वादात पडत नाही. सकाळी निरांजन लावतो, संध्याकाळी मुले मेणबत्ती फुंकतात. पण एक काम सर्वांनी करावे. केकवर तोंडाने फुंकर बसण्याऐवजी मेणबत्ती शेजारच्या वाटीतल्या छोट्या केकवर लावावी. वीस जणांनी खायच्या केकवर कोणाचे सर्दी-पडसे नको.

तिसरी गोष्ट केकची. आमच्याकडे आई अंडे खात नाही, म्हणून केक बिनअंड्याचा. १८३७ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाने पत्नीला अंडे चालत नाही म्हणून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली, आणि तिला यीस्टही चालत नाही म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. घरातल्या एका माणसालाही ताटावरून उठावे लागू नये म्हणून केलेली ही खटपट. तेव्हा पुरुषाने केकच्या भानगडीत पडणे ही काही नवी गोष्ट नाही.

आता प्रमाण लिहून घ्या. २५० मिलिलिटरचा कप धरा. दीड कप मैदा, एक कप ताजे घट्ट दही, पाऊण कप पिठीसाखर, अर्धा कप वास नसलेले तेल, सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, एक चमचा व्हॅनिला इसेन्स. मैदा दोनदा चाळा. दही आणि साखर एकजीव करून त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घाला आणि पाच मिनिटे थांबा. दह्यातले आम्ल आणि सोडा यांच्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. तोच केक फुगवतो. बुडबुडे आलेच नाहीत तर सोडा जुना आहे, पुढे जाऊ नका. मग तेल, इसेन्स आणि थोडा थोडा मैदा घालून हलक्या हाताने कालवा. फार फेटले तर केक चिवट होतो. मिश्रण तसेच ठेवून चहा प्यायला बसू नका, लगेच तूप लावून मैदा भुरभुरवलेल्या भांड्यात ओता.

ओव्हन असेल तर आधी तापवून १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. पहिली २५ मिनिटे दार उघडायचे नाही, नाहीतर केक मध्ये बसतो. इथे एक सूचना. आपल्या जुन्या क्वार्टरमधले साधे सॉकेट पाच अँपिअरचे असते, म्हणजे जेमतेम अकराशे-बाराशे वॅट. ओव्हन बहुधा त्याहून जास्त ओढतो. तो पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाचे मोठे पातेले घ्या. त्यात इंचभर मीठ, वर स्टँड, घट्ट झाकण, दहा मिनिटे तापवून मग भांडे आत आणि मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटे. अनेक जण कुकरची शिट्टी आणि रिंग काढून हेच करतात, पण कोरड्या तापण्याने कुकर खराब होतो, तेव्हा रोजचा कुकर यात घालू नका. मध्यभागी सुरी घालून पाहा, कोरडी बाहेर आली की झाले.

हिशोब असा. एका घाणीत सहाशे ग्रॅमच्या आसपास केक होतो. वीस मुलांना प्रत्येकी साठ ग्रॅम धरले तर बाराशे ग्रॅम, म्हणजे दोन घाणी. मैदा अर्धा किलोसुद्धा लागत नाही. दोन केक एकावर एक ठेवून मध्ये जॅम लावा, वर गरम साय किंवा क्रीममध्ये विरघळवलेले चॉकलेट ओता. फेटलेल्या क्रीमची सजावट आपल्या इथल्या उकाड्यात टिकत नाही, आणि दुधाचे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवणे बरे नाही. केक आदल्या संध्याकाळी करून पूर्ण गार होऊ द्या, मग झाकून ठेवा. गरम केकवर चॉकलेट ओतले तर ते थेट ताटात उतरते.

चौथी गोष्ट खाऊची. माझा नियम असा की एक तळलेला, एक न तळलेला, एक गोड, एक पेय. यापेक्षा जास्त पदार्थ केले की घरातली बाई स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही, आणि फोटोत आई कुठे आहे ते शोधावे लागते. बटाटेवडे सर्वांना चालतात. एक किलो बटाट्यांत मध्यम आकाराचे बावीस-पंचवीस वडे होतात. मुलांसाठी लहान वळा आणि मिरची कमी घाला. सारण सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवता येते. भेळेला इथली मुडी उत्तम, वीस मुलांना अर्धा किलो पुरते. ती आयत्या वेळी कालवायची आणि ते काम मुलांच्या एका तुकडीला द्यायचे. लिंबू सरबत किंवा गावाहून आणलेल्या आगळाचे कोकम सरबत साडेचार लिटर करा, म्हणजे प्रत्येकाला दीड पेला मिळतो.

शेजाऱ्यांचेही एक पान वाढा. आमच्या समोरच्या बंगाली काकू मुलाच्या वाढदिवसाला पायेश करतात, म्हणजे तांदळाची खीर, थंडीत नव्या खजुरी गुळाची. तेलुगू मंडळी इथे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडून पुलिहोरा येतो. उत्तर प्रदेशातल्या घरांत गुलगुले असतात. आमच्या मुलाच्या वाढदिवसाला यातले एखादे भांडे हमखास येते आणि त्याच भांड्यातून आमची शंकरपाळी परत जाते. रिकामे भांडे परत द्यायचे नाही ही आपलीही रीत आहे आणि त्यांचीही.

पाचवी गोष्ट सुरक्षिततेची, कारण चिटणीसांची अपेक्षा तीच होती. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. गॅसच्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन असतो. ते आणि तो फेसाचा फवारा मेणबत्तीजवळ नकोच, दोन्ही भडकतात. बोलावतानाच प्रत्येक आईला विचारा की मुलाला दूध, शेंगदाणे, आणखी काही वर्ज्य आहे का. हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

शेवटी कामाची वाटणी. पंधरा दिवस आधी तारीख आणि मुलांची यादी. आठ दिवस आधी निमंत्रण, तेही मुलाच्या अक्षरात. चार दिवस आधी किराणा. आदल्या दिवशी केक, चटणी, शंकरपाळी. त्या दिवशी फक्त तळणे, कालवणे आणि वाढणे. केक वडिलांनी करावा, ही माझी खास विनंती. आपण मुलांना शाळेत सोडतो तेव्हा ती झोपेत असतात आणि घरी येतो तेव्हाही झोपेत असतात. पीठ चाळायला मुलगा शेजारी बसला की त्या एका तासात तो जे बोलतो, ते वर्षभरात ऐकायला मिळत नाही. शाळेत त्याला कोण चिडवते ते मला मैद्याच्या चाळणीसमोरच कळले. आता त्या वेळी तिकडे नागपूरला आजोबा व्हिडिओ कॉलवर असतात आणि इकडचा केक किती फुगला यावर देखरेख करतात.

कोणाची ऐपत असेल त्याने मोठा समारंभ जरूर करावा, माझे काही म्हणणे नाही. पण आपल्या मुलाच्या पंगतीत बसायला दुसऱ्या मुलाला पैसे मोजावे लागतील अशी वेळ कॉलनीत येऊ नये. बाप्पाच्या आरतीला आपण कोणाला हातात काय आणले असे विचारत नाही. तीच रीत मुलांच्या वाढदिवसाला असावी. मंडळाने ठराव करावा असा हा विषय नाही, तरी पुढच्या निमंत्रणावर ती एक ओळ आपण सर्वांनी लिहावी, एवढे मागणे मागतो.

ज्यांना केकचे प्रमाण पुन्हा हवे असेल त्यांनी प्रसादाच्या वेळी मला गाठावे. चव पाहायची असेल तर घरी यावे, परीक्षक घरीच असतात.

 गणपती बाप्पा मोरया!