पेटी शिकायची आहे? मग अशी सुरुवात करा

आम्ही मोहोपाड्याच्या बचत गटातर्फे बोलतो आहोत. आज कर्ज, हप्ते आणि बँकेची कागदपत्रं थोडी बाजूला ठेवू या. आज बोलायचं आहे पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल. ती शिकायची शिकवणी कशी लावायची, खर्च किती येतो, वेळ कुठून काढायचा, हे आम्ही गेल्या वर्षभरात जे केलं त्यावरून सांगतो.

आपल्या खालापूर-कर्जत भागात बायकांचं भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल. गौरी-गणपती, नवरात्र, काकड आरती, हरिनाम सप्ताह, सगळीकडे आपण गातो. टाळ आपले, गळा आपला, पाठांतर आपलं. पण पेटीवर बसणारा माणूस बहुतेक ठिकाणी बाहेरचा, आणि पुरुष. तो आला तर भजन रंगतं. त्याला दुसरीकडे बारी असली तर आपण नुसत्या टाळांवर गातो. आमच्या मंडळाला दोन वर्षांपूर्वी गौरीच्या दिवशी तसंच गावं लागलं. वादकाची काही चूक नव्हती, सणाच्या दिवशी त्याला चार ठिकाणी बोलावणं असतं. पण तेव्हा आमच्या लक्षात आलं की एवढं एक काम आपल्या हातात नाही.

दुसरी गोष्ट पट्टीची. वादकाच्या बोटांना जी पट्टी सवयीची, त्याच पट्टीत आपण गातो. बायकांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा लागतो. प्रत्येकीचा थोडा वेगळा असतो, पण पुरुषांच्या काळी एकपेक्षा तो बराच वर असतो. आपण त्यांच्या पट्टीत गायला लागलो की खालचे सूर घशातच राहतात. मग लोक म्हणतात, बायकांच्या आवाजात दम नाही. दम असतो, पट्टी आपली नसते. पेटी आपल्यातल्याच एकीच्या हातात असली की मंडळ आपल्या पट्टीत गातं.

गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पेटी काय दूध देणार आहे?" प्रश्न रास्त होता. म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी अंतर्गत कर्ज देतो, तो पैसा परत येतो. पेटीचं काय? मग आम्ही वहीत हिशोब मांडला. वादकाची बिदागी आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून एका कार्यक्रमाला सातशे रुपये जात होते. वर्षाला आठ कार्यक्रम धरले तरी पाच हजार सहाशे. आम्हाला जुनी, चांगल्या स्थितीतली पेटी नऊ हजारांत मिळत होती. दोन वर्षांच्या बिदागीत पेटी फिटते, वर दोन हजार दोनशे उरतात. आजींनी आकडे ऐकले आणि म्हणाल्या, "बरं, पण शिकणार कोण?"

चौघी तयार झाल्या. सगळ्यात लहान एकवीस वर्षांची, सगळ्यात मोठी बावन्न. कर्ज मंडळाच्या नावावर न घेता चौघींच्या नावावर घेतलं. प्रत्येकी दोन हजार दोनशे पन्नास. महिन्याला सव्वादोनशे मुद्दल आणि वर व्याज, असे दहा हप्ते. नावावर कर्ज असलं की शिकवणीला दांडी मारताना माणूस दोनदा विचार करतं.

आता शिकवणारा कसा निवडायचा. रसायनीत कारखान्यांमुळे ठिकठिकाणची माणसं येऊन राहिली आहेत. त्यात गाणंबजावणं जाणणारे निघतातच. शाळेच्या संगीत शिक्षकांना विचारा, देवळातल्या भजनी बुवांना विचारा. आम्हाला नोकरीतून निवृत्त झालेले एक सर मिळाले. त्यांना आम्ही सुरुवातीलाच पाच गोष्टी विचारल्या, त्या तुम्हीही विचारा. आठवड्याला किती दिवस आणि किती वेळ? फी महिन्याची की तासाची? तास बुडला तर भरून मिळेल का? तीन महिन्यांत काय यायला लागेल? आणि आधी एक दिवस नुसतं येऊन ऐकू का? चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्या सरांनी आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास, दोघी-दोघींची जोडी आणि प्रत्येकी सहाशे रुपये महिना असं ठरवलं. जोडीने जाण्याचा फायदा दुहेरी आहे. घरच्यांना काळजी राहत नाही, आणि एकीची बोटं चालत असताना दुसरीचा कान तयार होतो. मुलामुलींना शिकवणीला पाठवत असाल तर एखाद्या मोठ्या माणसाने तिथे बसावं, दार उघडं असावं. हे सांगायला संकोच करू नका.

पेटी घेताना जाणकाराला बरोबर न्या. सगळ्या खुंट्या उघडून एकेक पट्टी दाबून पाहा. एखादा सूर कापरा येतो का, एखादी पट्टी दाबल्यावर खालीच बसते का, ते बघा. भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. हवा लगेच निघून गेली किंवा आपोआप सूर वाजायला लागला तर आत दुरुस्ती आहे. दुहेरी सुरांची पेटी भजनाला पुरते. स्केल चेंजर नावाची पेटी असते, तिच्यात पट्ट्यांची फळी सरकवून हवा तो सूर धरता येतो. सोयीची आहे, पण महाग आणि जड. सुरुवातीला तिची गरज नाही.

आपल्या पावसात पेटीला जपावं लागतं. ओलीने पट्ट्या फुगून अडकतात, आतले पितळी सूर बिघडतात आणि उंदीर भाता कुरतडतात. कापडात गुंडाळून, पेटाऱ्यात घालून, जमिनीपासून उंचावर ठेवा. पावसाळ्यातही रोज थोडी वाजवा. खुंट्या बंद असताना भाता दामटू नका.

पहिल्या महिन्यात गाणं येत नाही, हे मनाशी पक्कं करा. डाव्या हाताने भाता सावकाश, न थांबता हलवायचा आणि उजव्या हाताने सूर धरायचा, एवढं जमायलाच आठवडा जातो. मग सात स्वर, मग अलंकार. सारेग, रेगम, गमप असं चढायचं आणि उतरायचं. कंटाळवाणं वाटतं, पण पोळी लाटायला शिकताना पहिल्या दिवशी कुणाची गोल झाली होती? तिसऱ्या महिन्यात सरांनी भूप राग घेतला. त्यात पाचच स्वर लागतात, सा, रे, ग, प, ध. म्हणून तो नवख्यांना सोपा जातो. त्यानंतर पहिला अभंग बसला. शिक्षक बहुतेक एका सोप्या पट्टीत सुरुवात करून देतात. चार महिने झाले की त्यांना स्पष्ट सांगा, आता आमच्या मंडळाच्या पट्टीत शिकवा. काळी चारला सा धरला की सात सुरांपैकी चार काळ्या पट्ट्यांवर येतात, बोटं नव्याने वळवावी लागतात. पण ज्यासाठी शिकायचं तेच ते आहे.

रोज वीस मिनिटं पुरतात. आम्ही पेटी गटाच्या खोलीत ठेवली आणि वहीत वेळा वाटून घेतल्या. दुपारचं जेवण आवरल्यावर एक, संध्याकाळी पाण्याच्या वेळेआधी दुसरी. लावणीच्या दिवसांत शिकवणी बंद, हे सरांशी आधीच ठरलेलं होतं आणि त्या महिन्याची फी नाही, हेही. दिवसभर चिखलात आवण खोवून आलेली बोटं पेटीवर वळत नाहीत.

एक अवघड गोष्ट सांगायची राहिली. चौघींपैकी एकीची शिकवणी पाचव्या महिन्यात थांबली. घरून म्हणणं आलं, टाळ वाजव, फुगडी घाल, पण पेटीवर बसणं बाईला शोभत नाही. आम्ही दोनदा तिच्या घरी गेलो, सासूबाईंशी बोललो. अजून होकार नाही. तिचे उरलेले हप्ते तिघींनी वाटून घेतले आहेत आणि वहीत तिची दुपारची वेळ तशीच मोकळी ठेवली आहे.

शोभण्याबद्दल म्हणाल, तर पेटीची स्वतःची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती मूळची आपली नाहीच. पॅरिसच्या अलेक्झांडर देबेन यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिचा भाता पायाने चालायचा, वादक खुर्चीवर बसायचा. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती जमिनीवर बसून हाताने भाता ओढून वाजवता येईल अशी केली. तिच्या पट्ट्यांची मांडणी पियानोसारखीच आहे, सात पांढऱ्या, पाच काळ्या. म्हणून पेटी शिकलेलं पोर उद्या कीबोर्डवर किंवा पियानोवर बसलं तरी बुजत नाही. आणि ज्या रेडिओवरून आपण बोलतो आहोत, त्याच रेडिओने एकेकाळी पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, का तर ती परदेशी आहे आणि तिच्यात मींड निघत नाही. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. तोवर आपल्या देवळांतून पेटी वाजतच होती. आज सीमा शिरोडकर यांच्यासारख्या वादक मोठमोठ्या गायकांना पेटीची साथ करतात. तेव्हा न शोभण्याचा शिक्का पेटीवरही होता, तो पुसला गेला.

पूर्वी गाणं शिकायला गुरूच्या घरी राहावं लागे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ठरलेल्या वेळेत शाळेसारखं शिकता येईल अशी वाट केली. त्याच परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्या चढत जातात. परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही. पण आमच्यातली एकवीस वर्षांची ताई प्रारंभिकला बसणार आहे. विशारद झाली तर पुढे तीच आपल्या मुलींना शिकवेल, आणि ती फी गावातच राहील.

वर्षभरात तिघींच्या बोटांत सहा अभंग बसले आहेत. सातव्याला अजून अडखळतात. या सप्ताहात मंडळाने काळी चारमध्ये गायलं, पेटीवर बावन्न वर्षांच्या काकू होत्या.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. गेल्या वर्षी बिदागीपोटी किती गेले ते वहीत लिहा, आणि शिकायला कोण तयार आहे ते विचारा. दोन हात वर आले तरी जोडी झाली. शिकवणी सुरू करायला तेवढं पुरतं.