परदेशांतील निद्रा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी मराठींत एक जुनी म्हण आहे. ज्याला खरी भूक लागली त्याला पक्वान्नाची अपेक्षा नसते आणि ज्याला खरी झोंप आली तो दगडाची उशी करूनहि निजतो, असा तिचा भावार्थ. परंतु ही म्हण ज्यांनीं प्रचारांत आणली त्यांस विमानप्रवास ठाऊक नव्हता. मुंबईहून सुमारें साडेबारा हजार किलोमीटर उडून न्यूयॉर्कला उतरलेला मनुष्य उत्तम विश्रांतिगृहांत मऊ गादीवर पडलेला असतो, अंग थकव्यानें मोडून गेलेलें असतें, आणि तरीहि मध्यरात्र उलटल्यावर त्याचे डोळे टक्क उघडे असतात. धोंड्याच्या जागीं परांची उशी आहे, पण नीज नाहीं! कामानिमित्त परदेशीं जाणारीं माणसें आज घरोघरीं आहेत, आणि त्यांच्या ह्या जागरणांची हकीकत घरच्या मंडळींच्या कानांवर नित्य येत असते. ह्या निद्रानाशाचें मूळ कोठें आहे व त्यावर उपाय कोणता, हें जाणून घेणें म्हणूनच सर्वांच्या हिताचें आहे.

एक उदाहरण कल्पावें. पुण्यांतील एका कारखान्यांत काम करणारा, पंचेचाळिशी उलटलेला एक अभियंता जानेवारी महिन्यांत दहा दिवसांसाठीं न्यूयॉर्कला गेला. पहिल्या रात्रीं नऊ वाजतां तो मेल्यासारखा झोंपला आणि तीन वाजतां खडबडून जागा झाला. पोटांत भूक, डोकें स्वच्छ, आणि बाहेर दाट काळोख. उजाडेपर्यंत तो कूस बदलीत राहिला. दुपारीं तीन वाजतां मात्र, ज्या बैठकीसाठीं तो एवढ्या लांब आला होता त्याच बैठकींत, त्याची मान वारंवार खालीं जाऊं लागली. त्यानें कॉफीवर कॉफी घेतली. रात्रीची झोंप आणखी लांबली. दुसऱ्या रात्रीं त्यानें मद्याचा आश्रय घेऊन पाहिला. झोंप लवकर लागली, पण दोन वाजतां मोडली ती मोडलीच. तिसऱ्या दिवशीं करारांतील एक आंकडा त्यानें चुकीचा वाचला. शेजारच्या सहकाऱ्याच्या लक्षांत आलें म्हणून निभावलें. त्याच दिवशीं सायंकाळीं सहाच्या सुमारास भाड्याची मोटार स्वतः चालवीत मुक्कामाकडे परतत असतां त्याचा क्षणभर डोळा लागला. रस्त्याच्या कडेला मुद्दाम खडबडीत केलेल्या पट्ट्यावरून चाक गेलें, त्या घरघराटानें तो जागा झाला आणि वांचला. रात्रीं खोलींत बसून तो स्वतःला दोष देऊं लागला : वय झालें, मन कच्चें झालें, परदेशचें काम आतां आपल्या हातून होणार नाहीं.

त्याचें हें निदान चुकलें होतें. हिवाळ्यांत न्यूयॉर्कचें घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागें असतें. त्याला जाग आली तेव्हां तेथें पहांटेचे तीन वाजले असले, तरी पुण्यांत दुपारचा दीड वाजला होता. ती वेळ त्याच्या जेवणाची. भूक लागली ह्यांत नवल तें काय? उलट, बैठकीची तीन वाजतांची वेळ म्हणजे पुण्यांतील रात्रीचा दीड, आणि सायंकाळचे सहा म्हणजे पुण्यांतील पहांटेचे साडेचार. त्या सुमारास शरीराची उष्णता दिवसांतील सर्वांत खालच्या पायरीवर असते आणि झोंपेचा अंमल सर्वांत जड असतो. नेमक्या त्याच घटकेला त्यानें मोटारीचें चाक हातीं धरलें होतें. मनगटावरचें घड्याळ त्यानें विमानांतच फिरविलें होतें. शरीरांतलें घड्याळ अद्याप पुण्यांतच होतें.

शरीरांत असें घड्याळ आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञांना एकदम कळली नाहीं. १७२९ सालीं झां-झाक द मेरां ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें पानें मिटणारें एक झाड काळोखांत ठेवून पाहिलें. तेव्हां सूर्य दिसत नसतांहि त्याचीं पानें दिवसा उघडत व रात्रीं मिटत असल्याचें आढळलें. १९३८ सालीं शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण सहाय्यक ब्रूस रिचर्डसन हे अमेरिकेंतील केंटकी राज्यांत मॅमथ नांवाच्या प्रचंड गुहेंत बत्तीस दिवस राहिले. तेथें सूर्याचा किरण नव्हता आणि हवेची उष्णताहि पालटत नव्हती. दिवस चोवीस तासांच्या ऐवजीं अठ्ठावीस तासांचा धरून त्या नेमानें निजावयाचें व उठावयाचें, असा त्यांचा प्रयोग होता. रिचर्डसन ह्यांच्या शरीरानें हा नवा नेम आठवड्याभरांत पत्करला. चाळिशी उलटलेल्या क्लाइटमन ह्यांच्या शरीरानें तो अखेरपर्यंत मानला नाहीं. आधुनिक निद्राशास्त्राचे आद्य आचार्य म्हणून ज्यांस पुढें मान मिळाला, त्यांनाहि स्वतःच्या झोंपेवर हुकूम चालवितां आला नाहीं. मग कामाच्या घाईंत असलेल्या प्रवाशाला तो कोठून चालवितां येणार?

ह्या घड्याळाचें स्थान १९७२ सालीं निश्चित झालें. डोळ्यांकडून येणारे मज्जातंतु मेंदूच्या तळाशीं जेथें एकमेकांस ओलांडतात, त्याच्या अगदीं वर पेशींचे दोन लहान पुंज आहेत; तेंच तें घड्याळ. पेशींच्या आंत तें कसें चालतें ह्याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग ह्या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्यांतील हें घड्याळ सरासरीनें चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटें अधिक घेतें, आणि दिवसाचा उजेड तें रोज जुळवून देतो. चाल मूळचीच लांब असल्यामुळें त्याला मागें सरणें सोपें व पुढें धांवणें जड जातें. म्हणून पश्चिमेकडील प्रवास त्या मानानें सोसतो आणि पूर्वेकडील अधिक बाधतो. पूर्वेकडे जातांना तें दिवसाकाठीं सुमारें एक तास, आणि पश्चिमेकडे जातांना फार तर दीड तास सरकतें.

पूर्वीं आगबोटीनें विलायतेस जाणाऱ्या प्रवाशाला ही बाधा होत नसे. मुंबई आणि लंडन ह्यांत हिवाळ्यांत साडेपांच तासांचें अंतर. तें दोन-अडीच आठवड्यांवर वांटलें म्हणजे रोजचीं वीस-पंचवीस मिनिटें होत. बोटीवरचें घड्याळ तितकें मागें घेतलें जाई आणि शरीर न कळत त्याच्या मागोमाग जाई. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा ह्या मार्गानें लंडनला निघालें, आणि तेव्हांपासून अंतर कमी झालें. शरीराची चाल मात्र पूर्वींचीच राहिली.

आतां उपायांचा विचार. वरील अभियंत्यास पुढच्या हिवाळ्यांत पुन्हां त्याच शहरीं जावें लागलें असें समजावें. ह्या खेपेस निघण्यापूर्वीं तीन दिवस तो रोज एक तास उशिरां निजला व एक तास उशिरां उठला. महत्त्वाच्या बैठका दुपारीं न ठेवतां सकाळीं नऊच्या पुढें ठेवाव्या, अशी विनंति त्यानें पत्रानें अगोदरच केली. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे पुण्यांतील सायंकाळचे साडेसात. त्या वेळीं बुद्धि जागी असते. हा एकच फेरफार त्याच्या फार उपयोगीं पडला. अगदीं थोड्या मुक्कामासाठीं, म्हणजे दोन-तीन दिवसांसाठीं, जाणाऱ्यानें तर घड्याळ बदलण्याच्या खटाटोपांत न पडतां शक्य तेवढें घरच्याच वेळेप्रमाणें राहावें हें उत्तम. कारण शरीर नव्या वेळेशीं जुळूं लागतें न लागतें तोंच परतीचा दिवस उजाडतो.

दुसरा उपाय उजेडाचा, आणि तोच सर्वांत मोलाचा. मात्र तो वेळ पाहून घ्यावा लागतो. शरीराची जी पहांट, तिच्या आधीं डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ मागें सारतो, आणि तिच्या नंतरचा पुढें ओढतो. ह्या प्रवाशाची पहांट न्यूयॉर्कच्या सायंकाळीं होत होती आणि त्याला घड्याळ मागें न्यावयाचें होतें. म्हणून पहिले कांहीं दिवस दुपार होतांच तो डोक्याला टोपी व गळ्याला गलबंद गुंडाळून, थंडी असतांहि, सूर्यास्तापर्यंत मोकळ्यावर फिरला. रात्रीं त्यानें दिवे मंद ठेविले आणि मोबाईलचा पडदा दूर ठेविला. डोळ्यांतील कांहीं पेशींचें मुख्य काम पाहणें हें नसून मेंदूंतील घड्याळास उजेडाची वर्दी देणें हें आहे, असें २००२ सालीं दिसून आलें. त्या पेशींना निळसर उजेड विशेष झोंबतो, आणि मोबाईलच्या पडद्यावर तोच पुष्कळ असतो.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची. चहा-कॉफी दुपारीं बारानंतर घेऊं नये. कॉफींतील उत्तेजक द्रव्याचा निम्मा अंश पांच-सहा तासांनींहि रक्तांत शिल्लक असतो. मद्य झोंप आणतें, पण रात्रीच्या उत्तरार्धांत तीच झोंप तुकड्या-तुकड्यांनीं तोडतें. मेलॅटोनिन नांवाचा जो द्रव काळोख पडल्यावर मेंदूंतील एक लहान ग्रंथि स्रवते, त्याच्या गोळ्या नव्या गांवच्या निजण्याच्या वेळीं घेतल्यानें लांबच्या प्रवाशांस गुण येतो, असा निष्कर्ष पूर्वींच्या प्रयोगांचा एकत्र विचार करून २००२ सालीं काढण्यांत आला. तथापि ज्यांस अपस्माराचा विकार आहे किंवा जे रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेतात, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या गोळ्यांस हात लावूं नये. सहकाऱ्यानें स्नेहानें देऊं केलेली झोंपेची गोळी तर कोणींहि घेऊं नये.

चौथी गोष्ट परक्या बिछान्याची. नव्या जागीं पहिल्या रात्रीं मेंदूचा एक भाग दुसऱ्याहून अधिक सावध राहून जणूं पहारा करतो, असें अमेरिकेंतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें. म्हणून घरची एखादी ओळखीची वस्तु, उशीचा अभ्रा किंवा जुनी मऊ शाल, सामानांत असावी. निजण्यापूर्वीं तळपायांस तेल चोळण्याचा, किंवा तूप लावून ते काशाच्या वाटीनें घासण्याचा परिपाठ मराठी घरांतून होता. आजीबाईंचा म्हणून त्यास कोणीं हंसूं नये. पाय ऊबदार असले म्हणजे झोंप लवकर लागते, असें स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेलें आहे. इतकें करूनहि मध्यरात्रीं जाग आलीच, तर अंथरुणांत झोंपेशीं झुंजत पडूं नये. घड्याळ पालथें घालावें, उठून मंद दिव्याजवळ एखादें शांत पुस्तक घेऊन बसावें आणि डोळे जड झाल्यावरच पुन्हां आडवें व्हावें. दिवसा फारच ग्लानि आली तर वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. दोन तासांची झोंप घेतल्यास ती रात्रीच्या हिश्शांतूनच वजा होते.

आणि पहिले चार-पांच दिवस मोटार चालवूं नये. सतत सतरा तास जागा राहिलेला मनुष्य रक्तांत शेंकडा ०.०५ इतकें मद्य असलेल्या मनुष्याप्रमाणें चुका करतो, असें ऑस्ट्रेलियांत १९९७ सालीं आढळून आलें. पिऊन चाक हातीं धरणें ज्याला लज्जास्पद वाटतें, त्यानें झोंपेनें झिंगलेलें असतांहि तें धरूं नये. अभियंता दुसऱ्या खेपेस मुक्कामावर आगगाडीनें परतला. ह्याहि खेपेस त्याला पहिल्या रात्रीं तीन वाजतां जाग आलीच. परंतु ह्या वेळीं तो घाबरला नाहीं. पुण्यांत दुपार आहे एवढें मनाशीं म्हणून त्यानें पेलाभर दूध घेतलें आणि पुस्तक उघडलें. सातव्या दिवशीं तो पांच वाजेपर्यंत झोंपला.

ह्या कामीं घरच्या मंडळींकडेहि थोडें कर्तव्य येतें. परदेशीं गेलेल्या मुलाची ‘पोंचलों’ अशी वर्दी येईपर्यंत आईच्या डोळ्यास डोळा लागत नाहीं, आणि सकाळीं दहा वाजतां, चहा झाल्यावर, ती मोठ्या मायेनें त्याला फोन लावते. त्या वेळीं हिवाळ्यांतील न्यूयॉर्कमध्यें रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि मोठ्या प्रयासानें लागलेली झोंप त्या घंटेनें मोडते. फोनची वेळ निघण्यापूर्वींच ठरवून घ्यावी. सायंकाळीं सातचा सुमार दोन्हीकडे सोयीचा असतो. तिकडे सकाळ झालेली असते, आणि इकडे आईचाहि जीव वेळेवर निजतो. परत आल्यावर तर प्रवास पूर्वेकडचा, म्हणून अधिक जड. आल्या दिवशींच आप्तेष्टांस जेवावयास बोलावूं नये, आणि चार-आठ दिवस तो भलत्या वेळीं पेंगला किंवा रात्रीं स्वयंपाकघरांत डबे धुंडाळतांना दिसला तर चेष्टा करूं नये. दोन-तीन आठवड्यांनींहि झोंप ठिकाणावर आली नाहीं, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें.

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारस्तंभ होत, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. परदेशीं निघालेला प्रवासी पहिल्या आधाराची तजवीज पुष्कळ करतो. चिवडा, लोणचें, मेतकूट ह्यांनीं पेटी भरते. दुसऱ्या आधारासाठीं पेटींत फारशी जागा लागत नाहीं. निघण्यापूर्वीं दोन्ही गांवच्या वेळा एका कागदावर शेजारीं शेजारीं मांडून आपली पहांट तेथें केव्हां होणार हें पाहून ठेवावें, आणि त्या वेळीं कोणतेंहि जोखमीचें काम अंगावर घेऊं नये. एवढ्यानें सगळीं जागरणें टळणार नाहींत, पण त्या जागरणांपायीं करार बिघडणार नाहीं आणि माणूस सुखरूप घरीं येईल.