कॅमेरा शिकावा कसा व भिंग घ्यावे कोणते?

(आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनी नेकनूर येथे केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. व्याख्यान देणे हे माझे काम नव्हे. पण कार्यवाह ताई म्हणाल्या, "तीन वर्षे मंडळाचे फोटो तुम्हीच काढता ना? मग ते कसे काढता एवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

कॅमेऱ्याचे वेड मला हौसेने लागले नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई गेल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. दहाव्याला ठेवायला फोटो हवा म्हणून घरातले सगळे अल्बम काढले. एका लग्नाच्या फोटोत त्यांचा पदर सापडला, एकात पंगतीत वाढतानाचा हात सापडला. तोंड कुठेच सापडले नाही. अखेर आधारकार्डावरचा फोटो बीडला नेऊन मोठा करून आणला. तोच आज भिंतीवर आहे. जन्मभर साऱ्या घराला हसवणारी बाई त्या फोटोत भेदरलेली दिसते. नातवंडे विचारतात, "आजी अशीच होती का?" काय उत्तर द्यावे, ते मला अजून सुचत नाही.

तेव्हा मी ठरवले की आपल्या घरातल्या आणि आळीतल्या बायकांचे फोटो आपणच काढायचे. दुधाच्या पैशातून बारा हजार साठवले आणि पुतण्याकडून त्याचा वापरलेला कॅमेरा घेतला. निकॉनचा डी-३२००, सोबत त्याचे १८-५५ चे भिंग. भिंग म्हणजे लेन्स. हे म्हणाले, "एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या." मी म्हटले, "शेळ्या पुढच्या वर्षी." एवढ्यावर तो विषय मिटला, पण माझ्या जिवाला घोर लागून राहिला. पैसे वाया गेले तर बोलायला तोंड राहणार नव्हते.

आणि पहिल्याच वर्षी पैसे वाया घालवण्याची वेळ आली. घरात काढलेले फोटो काळपट आणि हललेले येत. कोणी सांगितले, "५० एमएमचे एफ १.८ चे भिंग घ्या, स्वस्त आणि उत्तम." मी एका शहरात जाऊन साडेचार हजारांना जुने भिंग घेऊन आले. घरी येऊन जोडले, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटली, एफ, ई, ई. मी वाचले 'फी'. म्हटले, अरे देवा, आता हासुद्धा फी मागतो! दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

नंतर पुतण्याने फोनवर समजावले तेव्हा उलगडा झाला. जुन्या धर्तीच्या त्या भिंगाला स्वतःची एक कडी असते. ती सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे २२ वर, नेऊन अडकवली की 'फी' नाहीशी होते. पण दुसरी गोष्ट अशी की त्या भिंगात मोटार नसते. ते कॅमेऱ्यातल्या मोटारीवर चालते, आणि निकॉनच्या डी-३००० व डी-५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत ती मोटार नाही. म्हणून चेहरा आपोआप स्पष्ट होईना. यात दोष कॅमेऱ्याचा नाही आणि भिंगाचाही नाही. न विचारता पैसे मोजणारीचा आहे. माझ्या साडेचार हजारांचा हा धडा तुम्हाला फुकट मिळावा, म्हणून आधी भिंग घेताना विचारायचे चार प्रश्न सांगते.

पहिला प्रश्न : हे भिंग माझ्याच कॅमेऱ्याला चालते का, आणि मोटार त्यात आहे का? निकॉनच्या भिंगावर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेले असेल तर मोटार आत आहे. मात्र 'एएफ-पी' काही जुन्या कॅमेऱ्यांना चालत नाही, तेव्हा जोडून पाहावे. नुसते 'एएफ' असेल तर थांबावे. कॅननच्या ईएफ भिंगांत मोटार भिंगातच असते. त्यांचे ५० चे एफ १.८ एसटीएम हे २०१५ साली निघालेले भिंग शिकणाऱ्याला पुष्कळ दिवस पुरते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे वेगळे जोड २०१८ साली आणले. त्यांना जुनी भिंगे थेट बसत नाहीत, मधली कडी वेगळी घ्यावी लागते. म्हणून आपला कॅमेरा बरोबर न्यावा आणि दुकानातच जोडून पाहावा. साडीला ब्लाउजचा रंग जुळवताना आपण साडी नेतोच की नाही?

दुसरा प्रश्न : मी फोटो कशाचे काढणार? घरातल्या माणसांचे काढायचे तर ५० चे भिंग आमच्यासारख्या कॅमेऱ्यात जवळचे दाखवते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ लागली तरी चार माणसे मावत नाहीत. निकॉनचे ३५ चे एफ १.८ डीएक्स हे २००९ सालचे भिंग खोलीला सोयीचे पडते, आणि त्यात मोटारही आहे. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यातला मोर टिपायचा तर २०० किंवा ३०० एमएमचे लांब भिंग लागते. पण मोराला भेटायला आपण वर्षातून एकदा जाणार आणि सासूबाई रोज समोर असणार. आधी भिंग कोणासाठी घ्यायचे, ते तुम्हीच ठरवा.

तिसरा प्रश्न : जुने असेल तर आतून कसे आहे? भिंगातून मोबाइलची बॅटरी पाडून पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ते भिंग स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. कडी फिरवताना वाळू लागल्यासारखे वाटले तरी नको. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवावे. तांदळात ठेवू नये, त्याची भुकटी आत शिरते. आणि बायांनो, पदराने कधी पुसू नये! पदराला पीठ असते, धूळ असते, तिचे चरे पडतात. रबरी फुग्याने आधी धूळ उडवावी, मग मऊ कापड लावावे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : मला हे खरेच लागते का? जवळ आहे ते १८-५५ चे भिंग उन्हात आणि दारातल्या उजेडात उत्तम काम देते. निदान सहा महिने त्यावर हात बसवावा. मी तसे केले असते तर माझे साडेचार हजार वाचले असते. कारण माझे फोटो काळे येत, ते भिंगामुळे कमी आणि माझ्या अज्ञानामुळे जास्त.

आता त्या अज्ञानाविषयी. कॅमेऱ्यावर बटणे पुष्कळ असतात, पण उजेडाच्या किल्ल्या तीनच आहेत.

पहिली किल्ली भोकाची. माळवदाच्या घराला उजेडासाठी वर साणे ठेवत, ते आठवा. साणे मोठे तर उजेड जास्त. भिंगातही तसे लहानमोठे होणारे भोक असते. त्याचे आकडे १.८, २, ४, ८, १६ असे असतात आणि आकडा वाढला की भोक लहान होते. हे उलटे गणित माझ्या डोक्यात महिनाभर शिरले नाही. एक दिवस भाकरी मोडताना शिरले. भिंगाची लांबी ही अख्खी भाकरी समजा. एफ २ म्हणजे अर्धी, एफ ४ म्हणजे चतकोर, एफ ८ म्हणजे नितकोर. अर्धी भाकरी नितकोरीपेक्षा मोठीच ना? तसेच हे. भोकाची रुंदी निम्मी झाली की उजेड चौथाईवर येतो. म्हणून १८-५५ चे भिंग ५५ वर लावले की एफ ५.६ ला जेवढा उजेड देते, त्याच्या सुमारे दहापट उजेड एफ १.८ चे भिंग देते. पण मोठ्या भोकाला एक खोड आहे. जवळचे स्पष्ट दिसते आणि मागचे पुसट होते. एकट्या बाईच्या चेहऱ्याला ते शोभते. मंडळाच्या तीन रांगांच्या फोटोला मात्र ५.६ किंवा ८ ठेवावे, नाही तर मागच्या रांगेतल्या बाया रुसतील, आणि त्यांचे रुसणे रास्त असेल.

दुसरी किल्ली झडपेची. झडप किती वेळ उघडी ठेवायची, तो हिशेब. बसलेल्या माणसाला सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. फुगडीला आणि पंचमीच्या झोक्याला पाचशेवा भाग हवा. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मी पाचशेव्या भागाला फोटो घेतला तेव्हा पाण्याचा थेंब न् थेंब हवेत थांबला. कॅमेरा दगडावर टेकवून पाव सेकंद ठेवला तेव्हा तेच पाणी पिंजलेल्या कापसासारखे उतरले. हातात धरून काढताना ५० च्या भिंगाला ऐंशीव्या भागापेक्षा संथ जाऊ नये, आपला हात हलतोच. कोपरे अंगाशी धरावीत आणि श्वास सोडून बटण दाबावे.

तिसरी किल्ली आयएसओची. बंकटस्वामी महाराजांच्या या गावात सप्ताह काही नवा नाही. कीर्तनकार बुवांचा आवाज बसला की भोंगा वाढवतात. आवाज मोठा होतो, पण खरखरही वाढते. आयएसओ म्हणजे तो भोंगा. बाहेर उन्हात १०० पुरते, घरात ८०० किंवा १६०० लागते. वाढवले की फोटोवर वाळू पेरल्यासारखे दाणे दिसतात. त्याला भिऊ नये. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो चालत नाही.

शिकताना तिन्ही किल्ल्या एकदम फिरवू नयेत. निकॉनवर 'ए', कॅननवर 'एव्ही' अशी खूण असते. तेथे भोक आपण ठरवावे, झडप कॅमेरा ठरवतो. महिनाभर एवढेच करावे. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. पांढरे धोतर-फेटे किंवा पांढरा मांडव समोर असला की कॅमेरा फसतो, फार उजेड आहे असे समजून सगळे काळवंडून टाकतो. अशा वेळी अधिक-उणे अशी खूण असलेले बटण दाबून एक घर अधिक करावे, म्हणजे पांढरे पांढरे दिसते आणि चेहरेही उजळतात.

कॅमेरा नाही म्हणून कोणी थांबू नये. मोबाइलवर आधी शिका. भिंग पुसा, बोटांनी चित्र ओढून मोठे करू नका, दोन पावले पुढे जा. माणसाला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवा. दारातला उजेड फुकट आहे, आणि तो कोणत्याही महागड्या भिंगापेक्षा चेहऱ्याला जास्त मानवतो.

कोणी म्हणेल, हे बायकांचे काम नव्हे. त्यांना सरस्वतीबाई फाळक्यांचे नाव सांगा. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्याआधी या बाईंनी आपले दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला भोके पाडली, फिल्म धुण्यात हात दिला आणि त्याच हातांनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. होमाई व्यारावाला मुंबईत शिकल्या. वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या भारतातल्या त्या पहिल्या बाई. आरंभी त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, ते मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर.

शेवटी माझ्या त्या फसलेल्या भिंगाचे काय झाले, ते सांगते. मी ते विकले नाही. कडी हाताने फिरवत गेले. चेहरा स्पष्ट झाला की कॅमेऱ्याच्या झरोक्यात हिरवा ठिपका लागतो. त्या ठिपक्याची वाट पाहायला मी शिकले, आणि वाट पाहता पाहता समोरच्या माणसाकडे नीट बघायलाही शिकले. गेल्या दिवाळीत आमच्या चुलत सासूबाईंना दारात बसवले. ऐंशीच्या पुढचे वय, तोंडात चार दात. त्या पदर तोंडावर धरू लागल्या. मी काही बोलले नाही, कडी फिरवत राहिले. नातू धावत आला, त्या हसल्या, ठिपका लागला आणि मी बटण दाबले.

फोटो मोठा करून दिला तेव्हा घरात कुरकूर झाली, "जित्या माणसाचा फोटो भिंतीला लावतात का?" मी म्हटले, हार घालू नका, पण लावा. त्या रोज त्या फोटोसमोर बसून चहा घेतात आणि आल्या-गेल्याला सांगतात, "ही मी आहे."

भगिनींनो, माझी मंडळाला एकच विनंती आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा एक चांगला फोटो काढावा आणि त्याखाली तिचे स्वतःचे नाव लिहावे. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच लिहू नये. भिंग कोणतेही चालेल. उशीर मात्र करू नका. मी उशीर केला आहे.