बैठक, वर्गणी आणि नवा सभासद
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला सांगितले की, सेवा मंडळ कसे चालवावे यावर दोन शब्द बोला. विषय तसा रुक्ष आहे. जयंतीच्या सभेत या विषयाला टाळ्या पडत नाहीत. परंतु आपली मंडळे मोडतात ती विचारांच्या अभावी नव्हे. बैठक भरत नाही, पैशाचा हिशेब लागत नाही आणि नवा माणूस आत येत नाही, या तीन ठिकाणी ती मोडतात. म्हणून आज मोठे काही न बोलता एवढेच बोलणार आहे.

पहिली गोष्ट बैठकीची. महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवात आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली आहे. मगधाच्या अजातशत्रू राजाला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याने वस्सकार नावाच्या आपल्या मंत्र्याला भगवंतांकडे राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर पाठविले. वज्जींचे सैन्य किती, हत्ती किती, असे काही भगवंतांनी विचारले नाही. वज्जी वारंवार एकत्र जमतात का, एकोप्याने जमून एकोप्याने उठतात का, असे त्यांनी आनंदांना विचारले. ज्या सात गोष्टींमुळे वज्जींची हानी होणार नाही असे भगवंतांनी सांगितले, त्यांत पहिलाच क्रमांक बैठकीचा आहे! पुढची हकीकत अट्ठकथेत आहे. वस्सकार वज्जींमध्ये जाऊन राहिला आणि त्याने एकाचे दुसऱ्याच्या कानाला लावले. तीन वर्षांनी सभेची भेरी वाजली तेव्हा, "जे मोठे आहेत, शूर आहेत त्यांनी जमावे, आम्ही कशाला," असे म्हणत कोणीच आले नाही. राज्य गेले ते त्यानंतर.

आपल्याकडे काय होते? मार्च उजाडला की बैठक, एप्रिलमध्ये जयंती, मग एकदम ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आठवण. मधल्या महिन्यांत कुणाच्या घरी आजारपण आले, कुणाच्या मुलीचा प्रवेश अडला, हे मंडळाला कळतच नाही. कळले तरी अध्यक्षांना फोन करायचा, मग ते बघतील! अहो, अध्यक्षही कामाला जातात, त्यांनाही पोरेबाळे आहेत.

शिकागो शहरात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना बरोबर घेऊन एक क्लब सुरू केला. बैठक आज एकाच्या कचेरीत तर पुढची दुसऱ्याच्या, अशी फिरती असे. त्या फिरण्यावरूनच रोटरी हे नाव पडले. तो क्लब पैसेवाल्यांचा, हे खरे. स्त्रियांना तर त्यांनी १९८९ सालापर्यंत नियमाने सभासद करून घेतले नव्हते, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर. ते आपण घेऊ नये. पण बैठक ठरल्या दिवशी भरते आणि अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो, हे घेण्यासारखे आहे. पोलिओचे काम त्यांनी १९८५ साली हाती घेतले. आपल्या देशात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. यात सरकारचा आणि घरोघर फिरणाऱ्या बायाबापड्यांचा वाटा मोठा, पण या लोकांनीही जवळजवळ तीस वर्षे काम सोडले नाही. तीस वर्षांत किती अध्यक्ष बदलले असतील, बघा.

आता बाबासाहेबांकडे येऊ. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी कार्यकर्त्यांची बैठक बोलाविली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. परदेशातून शिकून आलेला बॅरिस्टर! त्याने ठरविले असते तर एकट्याच्या नावावर संस्था चालविली असती. तसे केले नाही. सर चिमणलाल सेटलवाड सभेचे अध्यक्ष, कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब स्वतः, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार आणखी वेगळा. काम वाटून दिलेले. आणि लगेच ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. बैठक झाली, संस्था झाली आणि वर्ष व्हायच्या आत मुलांच्या डोक्यावर छप्पर झाले.

पैशाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण पैशाचा विषय निघाला की आपण खाली बघतो. १९२० साली "मूकनायक" निघाले तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरी पत्र १९२३ साली बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी "बहिष्कृत भारत" सुरू झाले आणि दहा महिन्यांतच, ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात, बाबासाहेबांना लोकांपुढे या पत्राच्या ऋणाचा प्रश्न लेख लिहून मांडावा लागला. १९२९ च्या नोव्हेंबरात तेही बंद झाले. मला यातून असे वाटते की राजाच्या देणगीने काम सुरू होते, पण चालू राहते ते घराघरातून येणाऱ्या आण्या-दोन आण्यांवर. ते आणे वेळेवर आले नाहीत तर बाबासाहेबांसारख्याचेही पत्र थांबते, मग आपले मंडळ किस झाड की पत्ती?

महाडची परिषद मार्च १९२७ मध्ये झाली. गावातले पाणवठे आपल्याला बंद, म्हणून परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये, पाण्याचे! ही रक्कम कोणीतरी लिहून ठेवली म्हणून आज मी तुम्हाला सांगू शकतो. हिशेबाची वही म्हणजे नुसती चोरी पकडण्याची वस्तू नव्हे, तो आपला इतिहास आहे.

आणि नागपूरला दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी प्रत्येकाला उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले. बावीस प्रतिज्ञा आपण पाठ म्हणतो, हे वाक्य मात्र कोणी पाठ म्हणत नाही! महिना दहा हजार कमावणाऱ्याचा विसावा हिस्सा पाचशे होतो. बरं, ते जमत नसेल तर शंभरावा द्या, शंभर रुपये. पण महिन्याचे महिन्याला द्या, आणि पावती घ्या. हल्ली मोबाईलवरून पैसे येतात. त्याचीही पावती फाडलीच पाहिजे. आलेल्या पैशातला डीजेवर किती गेला आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांवर किती, हे दोन आकडे दर पौर्णिमेला वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवा. कोणाला दोष द्यायची गरज पडणार नाही. आकडे ऐकून माणसे आपोआप गप्प होतात किंवा बोलू लागतात.

आता नव्या सभासदांविषयी, आणि इथे मी थोडे बोचेल असे बोलणार आहे. तारापूरची अणुभट्टी १९६९ साली सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत आली, डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ साली आले. कामासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आपली माणसे इकडे आली, भाड्याच्या खोल्यांत राहिली. जयंतीच्या वर्गणीला आपण त्यांचे दार बरोबर ठोठावतो. बैठकीचा निरोप मात्र त्या दाराशी जात नाही. का, तर ते "बाहेरचे". आपल्याला गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांचा शब्द आपणच वापरायचा? शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी आपल्या उपाली न्हाव्याला अगोदर दीक्षा द्यावी अशी विनंती केली, म्हणजे तो ज्येष्ठ ठरेल आणि राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागेल. आपल्याकडे उलट आहे. ज्याच्या आजोबांनी विहाराला पत्रा दिला तो कायम ज्येष्ठ.

महिलांचेही तेच. खिरीचे पातेले त्यांच्याकडे, खजिन्याची किल्ली आपल्याकडे. घरात महिना पुरवून दाखविणारी बाई मंडळाचा खजिना नीट सांभाळणार नाही असे म्हणणाऱ्याने एकदा घरी विचारून बघावे.

इथल्या मातीतलेच एक उदाहरण देतो. बंदर व्हावे की होऊ नये याबद्दल इथे बसलेल्यांची मते वेगवेगळी असतील, त्यात मी शिरत नाही. पण पी अँड ओ कंपनीच्या बंदराचा प्रस्ताव आला तेव्हा इथले मच्छीमार, शेतकरी एकत्र बसले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणाने १९९८ साली त्या बंदराला नकार दिला. पुढे नवा प्रस्ताव आला, २०२३ साली त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला भूमिपूजनही झाले. या साऱ्या वर्षांत गावातल्या लोकांची बैठक थांबली नाही. त्या काळी जे पोरगे बापाच्या मांडीवर बसून ऐकत होते ते आज स्वतः बोलायला उभे राहते. आपल्या मंडळाच्या बैठकीत कोणाचे पोरगे बसलेले असते?

बंदराच्या कामाबरोबर आणखी कुटुंबे येतील, त्यांत आपलीही असतील. खोली कुठे मिळेल, शाळा कोणती, जातीच्या दाखल्यासाठी गावाकडचे कोणते कागद आणायचे, हे त्यांना सांगणारे कोणीतरी लागेल. ते काम या विहारात बसून करता येण्यासारखे आहे. त्याला इमारत निधी लागत नाही, एक टेबल आणि रविवारचे दोन तास लागतात.

समितीशी बोलून मी एक वही दारापाशी ठेवलेली आहे. नाव, वस्ती आणि कोणत्या वारी वेळ मिळतो, एवढेच लिहायचे आहे. वर्गणीचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, तो पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीत सर्वांनी मिळून ठरवू. जाताना रांग लावा. भाड्याने राहणाऱ्यांनी आधी लिहावे, मग महिलांनी, आणि जुन्या पदाधिकाऱ्यांनी सर्वांत शेवटी.

जयभीम!