कापसाचे गाणे आणि कलावंताची मजुरी



जॅझ म्हणजे श्रीमंतांच्या हॉटेलातील करमणूक, अशी समजूत यवतमाळसारख्या जिल्ह्यात असणे स्वाभाविक आहे. वस्तुतः या संगीताचे मूळ अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांपर्यंत जाते. गुलामगिरीत आणि पुढे बटाईच्या शेतीत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून ब्लूज हा प्रकार निर्माण झाला. त्याच परंपरेच्या आधाराने विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात जॅझने आकार घेतला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंदमापी रेल्वेही पुढे कापसासाठीच टाकली गेली. एकाच बाजारपेठेच्या दोन टोकांना राबणारी ही माणसे होती.

भारतात जॅझ आले ते मात्र वरच्या दाराने. १९३५ साली लिऑन ॲबे यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून पोटासाठी मुंबईत आलेल्या वादकांनी ही विद्या आत्मसात केली. १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली, क्लबांतील काम आटले आणि अनेक वादक चित्रपटांकडे वळले. ‘अलबेला’ (१९५१) चे संगीतकार सी. रामचंद्र, त्यांच्या साथीला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. गाणी देशभर गाजली. ताफ्यातील सामान्य वादकाच्या पदरी मात्र रोजंदारीच पडली, आणि त्याचे नाव पडद्यावर क्वचितच आले. कापूस पिकविणाऱ्याचे नाव तरी कापडाच्या ताग्यावर कोठे असते?

१९७८ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरविली. अमेरिकेचे सनी रोलिन्स तेथे वाजवून गेले. परदेशी वादकांच्या पंक्तीत भारतीय वादकही बसले. अशा महोत्सवाचे खरे महत्त्व यात आहे, की तेथे वादक पडद्याआडून पुढे येतो आणि श्रोता त्याला नावाने ओळखतो.

हा विचार यवतमाळलाही लागू आहे. दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलामांच्या वस्त्यांवर दंडार रंगते. होळीला बंजारा तांड्यांवर लेंगी घुमते. हे कलावंत बहुधा शेतकरी वा शेतमजूरच. त्यांना पुढाऱ्यांच्या स्वागतमिरवणुकीत नाचविणे आणि एका जेवणावर बोळवण करणे, याला लोककलेचा गौरव म्हणत नाहीत. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो, याची जाणीवही आयोजकांना नसते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या उत्सवापुरता तरी एक नियम करावा: ठरलेली बिदागी, येण्याजाण्याचा खर्च आणि फलकावर प्रत्येकाचे नाव. दंडारीचा ढोलकरी आणि शहरातून बोलावलेला सॅक्सोफोनवादक एकाच मंचावर, एकाच मानाने बसावेत. कलेची कदर टाळ्यांनी होते, पण कलावंताची चूल टाळ्यांवर पेटत नाही.